भिंत पडली त्या रात्रीचा सिनेमा

काही सिनेमांचं नशीबच विचित्र असतं. 'कमिंग आउट' नावाचा पूर्व जर्मनीचा एक सिनेमा आहे. त्याचा पहिला खेळ ९ नोव्हेंबर १९८९ला, संध्याकाळी, पूर्व बर्लिनमधल्या कार्ल-मार्क्स-आले या रुंद रस्त्यावरच्या 'किनो इंटरनाशनाल' थिएटरात झाला. तारीख ओळखीची वाटली ना? त्याच संध्याकाळी सातच्या सुमारास शाबोव्स्की नावाचे पक्षाचे पुढारी पत्रकार परिषदेत हातातला कागद उलटसुलट करत बोलून गेले, की प्रवासाचे नवे नियम ताबडतोब लागू आहेत. लोक सीमेकडे निघाले आणि रात्री साडेअकराच्या सुमारास बोर्नहोल्मर रस्त्यावरचं फाटक उघडलं. म्हणजे इकडे थिएटरात लोक एका शिक्षकाची गोष्ट बघत होते आणि तिकडे देश संपायला लागला होता. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात सिनेमाच्या परीक्षणाला कितीशी जागा मिळाली असेल, तुम्हीच विचार करा.

हा किस्सा जिथे तिथे सांगितला जातो आणि सांगणारा शेवटी 'बिच्चारा सिनेमा' असं म्हणतो. मला ते पटत नाही. पण ते नंतर. आधी गोष्ट.

(मंडळी, मी शेवट सांगणार आहे. ज्यांना चालत नसेल त्यांनी आधी सिनेमा बघून या. पस्तीसेक वर्षांपूर्वीच्या सिनेमाचा शेवट लपवून ठेवायचा कंटाळा येतो मला.)

फिलिप नावाचा तरुण मास्तर. नवीन शाळेत रुजू होतो, मुलांना आवडतो, चौकटीबाहेरचं शिकवतो. शाळेतच तान्या नावाच्या शिक्षिकेला धडकतो, म्हणजे अक्षरशः धडकतो, आणि मग जे व्हायचं ते होतं. प्रेम, एकत्र राहणं, सगळं रीतसर. तान्याचा एक जुना मित्र घरी येतो, याकोब. याकोब आणि फिलिप एकमेकांना चांगले ओळखतात, नको तितके चांगले. पडद्यावर फिलिपच्या चेहऱ्यावरचा रंग उडतो आणि आपल्याला कळतं की ह्या माणसाने स्वतःचा एक तुकडा कधीचा कुलपात घालून ठेवलाय. पुढे एका रात्री तो एका बारमध्ये शिरतो. कार्निव्हलचे दिवस, रंगवलेले चेहरे, झगे, पिसं. तिथे त्याला माथियास भेटतो. माथियासला आपण आधीच पाहिलेलं असतं. सिनेमाची सुरुवातच त्याच्यापासून होते: नववर्षाची आदली रात्र, आकाशात फटाके, आणि एका मुलाला रुग्णवाहिकेतून आणून त्याच्या पोटातलं विष बाहेर काढत आहेत. का केलंस असं विचारल्यावर रडत रडत तो सांगतो की मी समलिंगी आहे.

इथे जरा भाषेबद्दल. मी पुण्याला मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकले त्याला बरीच वर्षं झाली, आणि त्या वर्गात आम्हाला फळांची, भाज्यांची, आजारांची नावं शिकवली, हा शब्द काही शिकवला नाही. जर्मनमध्ये 'श्वूल' म्हणतात. आधी शिवी होती, मग त्या लोकांनीच ती उचलली आणि स्वतःची केली. मराठीत आपल्याकडे एकीकडे शिव्या आहेत आणि दुसरीकडे 'समलिंगी' हा सरकारी परिपत्रकातला वाटावा असा शब्द. मधलं काही नाही. एखाद्या मुलाला आईला सांगायचं असेल तर त्याने कुठल्या शब्दात सांगावं? बहुतेक जण म्हणूनच 'मला लग्न नाही करायचं' एवढंच म्हणतात आणि उरलेलं आईने समजून घ्यावं अशी आशा करतात.

असो. तर फिलिप आणि माथियास. माथियास जीव लावतो. फिलिपही, पण फिलिप घरी तान्याकडे परत जातो. आणि मग तो प्रसंग येतो ज्याच्यासाठी मी हा सिनेमा तीनदा पाहिला. गाण्याची मैफल, मध्यंतर. फिलिप आणि तान्या नटून आलेले. समोर माथियास. फिलिप ओळख करून देतो: ही माझी बायको. माथियास तिथून पळून जातो. तान्या आधी त्याच्याकडे बघते, मग नवऱ्याकडे. मारामारी नाही, आरडाओरडा नाही. तीन माणसं एका वाक्यात उद्ध्वस्त होतात, आणि ते वाक्य सभ्यतेचं आहे! चारचौघात बोलायचं, शिष्टाचाराचं वाक्य.

आता हा सिनेमा कुठल्या देशात झाला ते बघा. पूर्व जर्मनी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर भिंत, हेरगिरी आणि ट्राबांट गाडी एवढंच येतं. मलाही आधी वाटलं होतं की तिथे कायद्याने छळ होत असणार. उलट आहे. समलिंगी पुरुषांना शिक्षा करणारं कलम १७५ जर्मन साम्राज्याच्या १८७१च्या दंडसंहितेतलं. नाझींनी १९३५ला ते फार कडक केलं. युद्धानंतर पश्चिम जर्मनीने, म्हणजे ज्याला आपण 'मुक्त' म्हणतो त्या देशाने, नाझींचं ते कडक रूप १९६९पर्यंत जसंच्या तसं चालू ठेवलं आणि तेवढ्या काळात सुमारे ५०,००० पुरुषांना त्याखाली दोषी ठरवलं. पूर्वेने १९६८ला ते कलम काढूनच टाकलं. त्याच्या जागी वयाच्या मर्यादेबद्दलचं एक वेगळं कलम आणलं होतं, तेही १९८९च्या उन्हाळ्यात गेलं. म्हणजे सिनेमा लागला तेव्हा फिलिपच्या देशात फिलिपच्या विरुद्ध एकही कायदा शिल्लक नव्हता.

तरीही तो लपतोय. माथियास विष पितोय.

मला वाटतं हीच ह्या सिनेमाची खरी गोम आहे. कायदा नाही, पोलीस दारात नाही, मग भीती कुणाची? शाळेची. आईची. शेजारणीची. घर मिळायच्या यादीची. पूर्व जर्मनीत घरं सरकार वाटायचं आणि लग्न झालेल्यांचा नंबर आधी लागायचा. १९७२पासून तरुण जोडप्यांना ५,००० मार्कांचं बिनव्याजी कर्ज मिळायचं आणि प्रत्येक मूल झालं की त्यातली काही रक्कम माफ. तीन मुलं झाली की कर्ज फिटलं. लोक त्याला गमतीने मुलं काढून कर्ज फेडणं म्हणत. सरकार कुणाला 'लग्न कर' असं ओरडून सांगत नव्हतं, नुसता सगळा उतार त्या बाजूला करून ठेवला होता. चेंडू आपोआप तिकडेच जाणार.

ग्युंटर गाउस नावाचे पत्रकार १९७४पासून पूर्व बर्लिनमध्ये पश्चिम जर्मनीचे प्रतिनिधी होते. त्यांनी त्या समाजाला एक नाव दिलं. त्याचा मराठीत शब्द करायचा तर 'कोनाड्यांचा समाज'. बाहेर सगळे मिरवणुकीत झेंडा धरून, आणि खरं आयुष्य घरातल्या, बागेतल्या, चार मित्रांच्या कोनाड्यात. मला हे वाचल्यावर हसू आलं. कोनाड्यात काय ठेवायचं आणि ओटीवर काय बोलायचं हे आपल्याला कुणी शिकवायला हवंय? सिनेमातल्या त्या बारचं नाव 'बुर्गफ्रीडन' आहे. खराखुरा बार होता तो, प्रेन्झलाउअर बेर्ग भागातला, आणि तिथल्या चित्रीकरणात खरी गिऱ्हाईकं दिसतात. गल्ल्यामागे शार्लोट फॉन माल्सडोर्फ आहे, जी पुरुष म्हणून जन्मली आणि आयुष्यभर बाईच्या कपड्यात वावरली, जुनं फर्निचर गोळा करून तिने संग्रहालय उभं केलं. तर 'बुर्गफ्रीडन' म्हणजे गढीच्या आत भांडायचं नाही असा तह. आपल्याकडे त्याला झाकली मूठ म्हणतात.

सिनेमाचा दिग्दर्शक हायनर कारो. 'पाउल आणि पाउलाची दंतकथा' हा १९७३चा अतिशय गाजलेला सिनेमा त्याचाच. 'कमिंग आउट'साठी त्याला सरकारी स्टुडिओची परवानगी मिळायला वर्षं लागली. डेफा हा तो स्टुडिओ, आणि त्याने काढलेला ह्या विषयावरचा हा एकमेव कथापट. १९९०ला, म्हणजे भिंत उघडल्यावर तीनच महिन्यांनी, बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालं. म्हणजे अगदीच 'बिच्चारा' नव्हे.

पण माझं न पटणं ते नाही. त्या रात्री सिनेमा झाकोळला असं म्हणणाऱ्यांच्या डोक्यात एक गणित असतं: भिंत म्हणजे बंधन, भिंत पडली म्हणजे सुटका, मग बंधनाबद्दलचा सिनेमा शिळा झाला. ह्या सिनेमात मात्र पळून जायचा प्रश्नच नाही. फिलिपला पश्चिमेला जायचं नाहीये. त्याला त्याच शाळेत, त्याच मुलांपुढे, त्याच गावात उभं राहायचंय. थिएटरातून बाहेर पडून पाच मिनिटांत तो पश्चिम बर्लिनमध्ये जाऊ शकला असता आणि तिथेही मैफलीच्या मध्यंतरात 'ही माझी बायको' असंच म्हणाला असता. ज्या देशाचं नावनिशाण उरलं नाही त्या देशातला हा सिनेमा आजही बघवतो तो ह्यामुळेच.

त्यात म्हाताऱ्या वाल्टरचा प्रसंग येतो. त्या बारमध्ये रोज कोपऱ्यात बसणारा एक म्हातारा फिलिपला आपली गोष्ट सांगतो. नाझींच्या काळात त्याला झाक्सनहाउझेनच्या छळछावणीत टाकलं होतं, छातीवर गुलाबी त्रिकोण लावून. तिथे कम्युनिस्टांनी त्याला वाचवलं. म्हणून तोही कम्युनिस्ट झाला, नवा देश उभा करायला राबला. आता माणूस ज्यू आहे की आणखी कोण, ह्याने काही फरक पडत नाही असा समाज आम्ही केला, असं तो म्हणतो, आणि मग त्याच्या लक्षात येतं की एक जमात राहून गेली, त्याची स्वतःची. तो हे रागाने सांगत नाही. बाजारातून काही आणायचं राहून गेल्यासारखं सांगतो.

हा प्रसंग तिथल्या सेन्सॉरला कसा चालला असेल ह्याचं मला आश्चर्य वाटत राहतं. कारण त्या सरकारचा सगळा तोरा हाच होता की आम्ही नाझींविरुद्ध लढलेल्यांचे वारस. झाक्सनहाउझेनला त्यांनी १९६१ला मोठं स्मारक उभारलं, त्यात मान लाल त्रिकोणवाल्या राजकीय कैद्यांचा. गुलाबी त्रिकोणवाले नव्हतेच. १९८५ला पूर्व बर्लिनच्या चर्चमधल्या लेस्बियन बायकांचा एक गट राव्हन्सब्रुकच्या छावणीतल्या कार्यक्रमाला निघाला होता, आपल्या माणसांची आठवण म्हणून. पोलिसांनी त्यांना मध्येच अडवलं. कायद्यात गुन्हा नाही, पण स्मारकात जागाही नाही.

आता जरा अवघड भाग. आमच्याकडची आत्या-काकू मंडळीही इथे वाचतात हे मला माहीत आहे, त्यामुळे कुणी फोन करून 'हे कुणाबद्दल लिहिलंस गं' असं विचारू नये. आपल्यातलं कुणी नाही.

माझी एक मैत्रीण आहे. ती तान्या आहे. लग्न २००४चं, दाखवून, पत्रिका जुळवून, हॉलवर पाचशे पानं उठली. मुलगा शिकलेला, शांत, निर्व्यसनी. दोन वर्षांनी ती माहेरी आली आणि तिच्या सासरने, आणि सांगायला लाज वाटते, पण तिच्या माहेरनेही, ठरवून टाकलं की हिच्यातच काहीतरी कमी आहे. तिला डॉक्टरकडे नेलं. मानसोपचार झाले. ती जाड झाली म्हणून, ती तोंडाळ आहे म्हणून, ती करियर करते म्हणून. खरं कारण तिला सहा वर्षांनी कळलं, तेही तिसऱ्याकडून. मुलाच्या आईला लग्नाआधीपासून माहीत होतं. त्याने सांगितलं होतं तिला. तिने 'लग्न झालं की सगळं मार्गी लागतं' असं म्हणून मुहूर्त काढला.

हा सिनेमा आम्ही दोघींनी माझ्या घरी पाहिला. मी जरा घाबरतच लावला. मैफलीचा प्रसंग आला, तान्याचा चेहरा आला, आणि ही शांतपणे म्हणाली, "हिला निदान तिथल्या तिथे कळलं तरी."

त्यानंतर मला फिलिपबद्दल पहिल्यासारखं वाटेना. एरवी असे सिनेमे बघताना आपण डोळे पुसत नायकाच्या बाजूने असतो, आणि असावंच, त्याची घुसमट खोटी नाही. पण सिनेमाही तान्याला सोडून फिलिपच्या मागे जातो, तो रात्री कुठे भटकतो, माथियासला कसा शोधतो ते दाखवतो. तान्या घरी काय करते? तिने शाळेत सहकाऱ्यांना काय सांगितलं? डागमार मान्त्सेल ही नटी इतकं सुंदर काम करते की हा प्रश्न पडतो, आणि मग त्याचं उत्तर नसलं की राग येतो. कारोचं ह्या बाबतीत चुकलं असं माझं मत आहे. सिनेमा एका लपवणाऱ्या माणसाचा आहे हे मान्य, पण लपवण्यासाठी जिचा आडोसा केला ती पडदा नव्हती, माणूस होती.

आणि म्हणूनच 'त्याला लग्नाला उभा करा' हा जो आपला जालीम उपाय आहे त्याबद्दल माझं डोकं फिरतं. लोक ह्याला मुलाच्या भल्याचा प्रश्न समजतात. मुलाला पटवा, समजवा, देवाधर्माचं करा, डॉक्टर करा. अरे, पण समोरच्या घरातली ती मुलगी? तिला कुणी विचारलं? तिने नोकरी सोडून, गाव सोडून, नाव बदलून तुमच्या घरात यायचं आणि तुमच्या गुपिताची राखण करायची, ते गुपित काय आहे हे माहीत नसताना? एखाद्या स्थळाने मुलाचा आजार लपवला तर आपण फसवणूक म्हणतो, वकील गाठतो. हे लपवलं तर अब्रू राखली म्हणतो. (हा आजार नाही हे मला माहीत आहे. मी लपवण्याबद्दल बोलतेय.)

'तो काळ वेगळा होता' असंही म्हणू नका. आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७चा तो भाग रद्द केला. इंग्रजांनी १८६०ला दंडसंहितेत घालून ठेवलेलं कलम, जर्मनांच्या १७५चं चुलत भावंडच. त्यानंतर मला कितीतरी जण म्हणाले की झालं, आता प्रश्न मिटला. पूर्व जर्मनीत १९६८ला कलम गेलं आणि १९८९ला फिलिप मैफलीत 'माझी बायको' म्हणत होता. एकवीस वर्षं. आपल्याला अजून तेवढीही झालेली नाहीत.

मराठीत रोहन कानवडेचा 'साबर बोंडं' आला. २०२५ला सनडान्सला त्याला मोठं बक्षीस मिळालं. त्यात वडील वारल्यावर दहा दिवस गावी राहिलेला आनंद आहे, लग्नाचं काय म्हणून टोचणारे नातेवाईक आहेत, आणि मुलाबद्दल सगळं माहीत असलेली, तरी त्याच्या बाजूने उभी असलेली आई आहे. त्या आईला पाहिलं आणि मला मैत्रिणीची सासू आठवली. दोघींनाही माहीत होतं, एवढंच काय ते साम्य.

तर शेवट. शाळेत फिलिपबद्दल कुजबुज पोचलेली असते. त्याच्या तासाला तपासणीसाठी वरिष्ठ मंडळी मागच्या बाकांवर येऊन बसतात. मुलं बसलेली. फिलिप टेबलावर चढून बसतो आणि काही बोलतच नाही. किती वेळ ते मी मोजलं नाही, पण बघताना आपल्याला चुळबुळ व्हायला लागते इतका वेळ. मुलं बघताहेत, पाहुणे बघताहेत. शेवटी शाळाप्रमुख चिडून त्याला आडनावाने हाक मारतात. आणि तो म्हणतो, "हो."

एवढंच. हजेरीला 'हजर' म्हणावं तसं.

मला हा 'हो' फार मोठा वाटतो. कुणी प्रश्न विचारलेलाच नाही, आणि तरी उत्तर दिलंय. भाषण नाही, रडणं नाही, मिठ्या नाहीत. पहिल्यांदाच तो कुणाला फसवत नाहीये.

माझी मैत्रीण म्हणाली, "त्यात काय मोठं? तो 'हो' त्याने तपासनिसांना दिला. तान्याला द्यायचा होता. सगळ्यात आधी तिला."

मी म्हटलं, जो माणूस स्वतःलाच 'हो' म्हणू शकत नाही तो तिला कुठून म्हणणार. ती म्हणाली, हे तू माथियासच्या आईला सांग, मला नको सांगू. त्यावरून आमचं रात्री साडेबारापर्यंत चाललं होतं. मध्ये एकदा चहा झाला. जाताना ती सिनेमाची डिस्क मागून घेऊन गेली, तिच्या आईला दाखवायचीय म्हणून. खाली इंग्रजी अक्षरं आहेत, काकूंना वाचायला जमणार नाही, ती शेजारी बसून सांगणार आहे. अजून परत आलेली नाही.